सुधीर घरी नसताना

सुधीर आज सकाळी गेला. मी तेव्हा विमानात होतो.

बॉथेलला त्याच्या घराची बेल वाजवली. वृंदावहिनींनी दार उघडलं. आत दाराशी चपला-बुटांची गर्दी होती. मला कळलं.

मी इथे ब्लॉगवर फारसं लिहीत नाही. आज लिहितोय.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं ॲन आर्बरला एमएस करत होतो. दोघंही सिव्हिलचे. मी साताऱ्याचा, तो नागपूरचा.

फोन केल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही, हे अमेरिकेत आल्या आल्या शिकलो होतो. सुधीर म्हणायचा, माझ्याकडे फोन करून आलास तर दार उघडणार नाही.

एका रविवारी बर्फातून चालत त्याच्याकडे गेलो. दाराला कुलूप. पाय बधिर झालेले. तसाच मागे फिरलो.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्याला चांगलंच सुनावलं. साहेब एकटेच नदीकाठी फिरायला गेले होते.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "किती वेळ बसलास?"

"कुठे बसू? कुलूप होतं."

"मागे पायऱ्या होत्या ना बे. भेट वाया घालवलीस."

त्या सेमिस्टरला त्यानं जुन्या चिनी कवितांचा कोर्स घेतला होता. इंग्रजीतून. सोपा असेल, ग्रेड मिळेल म्हणून. आणि त्यातच अडकला.

म्हणाला, त्यांच्यात या एकाच गोष्टीवर कितीतरी कविता आहेत. एक माणूस डोंगर चढून मित्राला भेटायला जातो. मित्र झोपडीत नसतो, वर कुठेतरी औषधी मुळ्या गोळा करायला गेलेला असतो. मग हा तिथेच बसतो. पाइनची झाडं बघतो, ओढ्याचा आवाज ऐकतो आणि खाली उतरतो.

कविता संपली.

मी म्हटलं, "यार, यात कविता कुठे आहे? भेट तर झालीच नाही."

"तो रोज जे बघतो, ते याने बघितलं. अजून काय भेटायचं असतं?"

मला पटलं नाही. पण पुढे तो घरी नसला की मी मागच्या पायऱ्यांवर बसू लागलो. समोर एक मेपल, थोडा उतार, झाडांतून दिसणारी नदी.

दुसऱ्या दिवशी तो विचारायचा, "काय दिसलं?"

मी सांगायचो, खार.

एवढ्यावर खूश व्हायचा.

मग नोकऱ्या लागल्या. मी क्युपर्टिनोला, तो बॉथेलला. विमानाचं तिकीट काढून न सांगता कोण जातं? फोनच होत राहिले.

काल वहिनींचा फोन आला, भाऊजी, लवकर या. मिळालं ते पहिलं फ्लाइट घेतलं.

आज हॉलमध्ये माणसं जमली होती. मी तिथेच टेकणार, तर वहिनी म्हणाल्या, "तुम्ही इथे नका बसू. सुधीरनं सांगून ठेवलंय. तो आला आणि मी नसलो, तर त्याला मागे डेकवर बसव."

डेकवर एकच खुर्ची होती. समोर उंच फरची झाडं, पावसानं काळं पडलेलं कुंपण. खाली कुठेतरी पाणी वाहत होतं.

वहिनींनी चहा आणून ठेवला आणि आत गेल्या.

त्या कवितांतला माणूस तक्रार करत नाही. मला ते जमलं नाही.

आज तू घरी असायला हवा होतास, सुधीर.

पण बसलो. चहा गार झाला, तरी बसलो.

कुंपणावरून एक खार गेली.

उद्या विचारायला तू नाहीस, म्हणून इथे सांगतोय.

येतो रे.