पाळण्याशेजारी ‘नाही’ कसं लिहायचं

होसियतखालाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी गाद्या शिवल्या. ओश या किरगीझ शहरात बाजारामागे तिच्या दोन खोल्या, खिडकीशी पायमशीन आणि दारात कायम कापसाचे पुंजके. पाळण्याची गादी मधोमध भोक ठेवून शिवायची असते, कारण खाली मडकं बसतं. ते भोक बोटभर जरी सरकलं तरी बाळ भिजतं. तिचं कधी सरकलं नाही. स्वतःच्या नातवासाठी गादी शिवायची वेळ मात्र या वसंतात पहिल्यांदाच आली.

लेक नफोसत सीमेपलीकडे, अंदिजानच्या बाजूला दिलेली. बाळाला नवव्या दिवशी, दुपारच्या आत पाळण्यात घालायचं आणि पाळणा आणायचा आजोळच्यांनी. तो वेळेत पोचला नाही तर सासूला शेजारचा उसना आणावा लागणार. मग पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी तो विषय काढणार आणि नफोसत खाली मान घालून चहा ओतत राहणार.

पूर्वी सीमेच्या फाटकावर अर्धा दिवस उन्हात जायचा. आता मोबाइलवर आधीच सगळं भरायचं, वेळ मिळते, फाटकावरचा कॅमेरा चेहरा पाहतो आणि दार उघडतं. सोबत येणाऱ्या सालोमत शेजारणीने आपला अर्ज पाच मिनिटांत भरला. होसियतखालाने चष्मा लावून स्वतःचा स्वतः भरला. पाळणा एक, गाद्या तीन, नान एकवीस. पुढचा प्रश्न आला: सोबत बाळ आहे का?

तिचं बोट थांबलं. वर पाळणा लिहायचा आणि खाली बाळ नाही म्हणायचं? अपशकुन नको म्हणून रिकामा पाळणा कोणी हलवतसुद्धा नाही, म्हणून तर त्यात नान आणि खडीसाखर भरून नेतात. तिने ‘हो’ दाबलं. नाव विचारलं, ते घातलं. जन्मतारीख घातली. बाळाचे कागद फाटकावर दाखवावेत, असं उत्तर आलं. म्हणजे मान्य झालं, असं समजून तिने फोन ओढणीत गुंडाळला.

नवव्या दिवशी सकाळी सालोमतला दार उघडलं आणि ती पलीकडच्या अंगणात गेलीसुद्धा. होसियतखालासमोर मात्र पडद्यावर अक्षरं आली: दुसऱ्या प्रवाशाने पुढे यावे. तिने मागे वळून पाहिलं. मागे एक कांदेवाला होता, तोही मागे वळून पाहू लागला.

आयझिरेक नावाची तरुण किरगीझ अधिकारी आली. पाळण्यावरची मखमल उचलून तिने आत पाहिलं आणि नुसते नान दिसल्यावर तिचा चेहरा उतरला.

“बाळ कुठंय, खाला?”

“पलीकडे. आईपाशी.”

“मग इथून कसं जाणार ते?”

“जायचंय कशाला? ते तिथेच आहे.”

“मग लिहिलंत कशाला?”

“पाळण्याशेजारी ‘नाही’ कसं लिहू, पोरी? तू लिहिशील?”

आयझिरेकने यंत्राकडे पाहिलं, मग पाळण्याकडे, आणि टोपी काढून कपाळ पुसलं. मग तिने समजावून सांगितलं की अर्जात एक बाळ आहे आणि इथे नाही, तेव्हा होसियतखालाला सोडता येत नाही. नाव काढायचं तर अर्ज नव्याने भरावा लागेल आणि पुढची वेळ दुपारी दोनची आहे. सामान मात्र सालोमतच्या अर्जावर चढवता येईल, ते आत्ता जाऊ शकतं.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. बायका जमल्यात, दुआ म्हणणाऱ्या मुल्लाबाई आल्यात, शेजारचा पाळणा मागवू का, असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं. होसियतखाला म्हणाली, पाळणा निघालाय.

पण पाळणा चढवताच सालोमतच्या फोनवरही तोच प्रश्न उगवला: सोबत बाळ आहे का? तिने फोन कठड्यावरून होसियतखालाकडे सरकवला.

“मी नाही दाबणार हं. तुझा नातू, तू बघ.”

होसियतखालाला काही उमगेना. लेकीची मान खाली जाऊ नये म्हणून निघालो, आणि त्यासाठी आपणच लिहायचं की बाळ नाही? हे यंत्र वाचतं म्हणजे नक्की कोण वाचतं? आणि आधीचा ‘हो’ कुठे गेला? तिने आयझिरेकला दाबायला सांगितलं. ती हळूच म्हणाली, “मला चालत नाही, खाला. माझंही बाळ सहा महिन्यांचं आहे.” कोणत्या नियमाने चालत नाही, ते तिने सांगितलं नाही.

होसियतखालाने पाळण्याच्या दांडीवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ‘नाही’ दाबलं. सालोमत पाळण्याची हातगाडी ढकलत निघून गेली. होसियतखाला दोनच्या वेळेसाठी नवा अर्ज भरून बाकावर बसली.

बाराला दहा मिनिटं कमी असताना नफोसतचा फोन आला. निजवलं म्हणाली आणि फोन पाळण्याशी धरला. पलीकडून काहीच ऐकू येईना. होसियतखाला बाकावरून उठली.

“श्वास घेतोय ना तो? बघ आधी. बोट धर नाकाशी.”

फोन विहीणबाईंनी घेतला. आवाज आता गोड नव्हता. “झोपलाय हो. आणि सगळ्यांना बजावलंय, आजी पोचेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही.”

फोन बंद झाला. दोन वाजायला किती अवकाश आहे, हे अजून तिथेच ताटकळलेल्या कांदेवाल्याला विचारून होसियतखाला पुन्हा बाकावर बसली.