रंगाला डोळे पडले

थोरलीची बोटं पाहिली की तिचा धंदा कळायचा. उजव्या तर्जनीवर सुईचे काळे ठिपके आणि अंगठ्याला मेणदोऱ्याने पडलेली कायमची चीर. बावीस वर्षं ती जुन्या गाड्यांच्या सीटा शिवत होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला येत होती फक्त झबली-टोपडी. एके दिवशी सासऱ्यांनी एका मोडक्या गाडीची फाटकी सीट तिच्यापुढे आणून टाकली नि म्हणाले, "सूनबाई, झबलं काय नि सीट काय, अंगाबरोबर बसलं म्हणजे झालं." तिने ती उसवली, जुन्या तुकड्यांवरून कागद बेतले आणि देवाचं नाव घेऊन पहिला टाका घातला. पहिला टाका नाव घेऊनच घालायचा, हे तेव्हापासूनचं. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

घरचा धंदाच तो. सासरे कुठल्या कुठल्या अडगळीतून, उंदरांनी घरटी केलेल्या पन्नास-पन्नास वर्षांच्या गाड्या हुडकून आणत. थोरलीचा नवरा इंजिन उघडी. रंगारी पत्रा घासून खड्ड्यांत लांबी भरी, रंग मारी. आतलं सगळं थोरलीचं: सीटा, दारांची अस्तरं, छताचं कापड. मग गाडी शौकीन माणसाला विकायची. घरामागे एकच लांबलचक शेड होती. एका बाजूला रंगाची जागा, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा आणि त्याला लागूनच पलीकडे थोरलीचं मशीन.

सगळं नीट चाललं होतं. आणि तीन वर्षांपूर्वी धाकटी जाऊ आली.

धाकटीचा नवरा ट्रकवर असे, महिन्यातले चार दिवस घरी. रिकामी बसून करायचं काय, म्हणून ती गाड्या पुसायला लागली. पुसता पुसता पॉलिश शिकली. दातांच्या ब्रशने चाकाच्या तारा घासायची, कापसाच्या काडीने डॅशबोर्डाच्या फटी साफ करायची, बॉनेटवर तासन् तास कापड फिरवायची. शेवटी त्यात तोंड बघून केस नीट करायची, हसायची आणि म्हणायची, "झाली!"

झाली म्हणजे काय झाली? महिनाभर पाठ मोडून थोरलीने शिवलेलं कुणाच्या नजरेला पडायचं नाही. गिऱ्हाईक यायचं ते थेट त्या चकाकीपाशी. "वा! काय तेज आहे हो! कुणी केलं?" की सासरे धाकटीला पुढे करणार. फोटो काढायचे ते धाकटीला बॉनेटजवळ उभं करून. थोरली मागे, हातात कात्री. तिला एकदा वाटलं, खरंच आहे. बॉनेटकडे माणूस तोंड करून उभा राहतो आणि सीटकडे पाठ करून बसतो. आपला धंदाच पाठीचा.

एकदा जेवताना सासरे बोलून गेले, "धाकटीचा हात फिरला की गाडीचं मोल दुणावतं बघ." थोरलीच्या घशात घास अडकला. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला.

"ठसका लागला?"

"नाही. घास मोठा होता."

रोज देवापुढे बसली की ती म्हणे, माझ्या मनातलं हे काढून घे. आणि उठून शेडमध्ये गेली, धाकटीचं हसणं कानावर आलं, की ते पुन्हा जागच्या जागी. धाकटी वाईट असती तर सोपं झालं असतं. पण ती "ताई, चहा घेता ना?" म्हणून कप हातात आणून द्यायची. त्या चहाचाही थोरलीला राग यायचा.

त्यातून धाकटी झपाट्याची. दोन दिवसांत गाडी लख्ख. सासरे थोरलीच्या मशीनपाशी येऊन म्हणू लागले, "तुमचं अजून किती दिवस, सूनबाई?" सीटचं शिवलेलं कव्हर फोमवर चढवणं हे खरं वेळखाऊ काम. चामडं फोमला चिकटतं, ओढलं तर टाका उसवतो. थोरलीची जुनी रीत म्हणजे फोमला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळायची, कव्हर सरकवायचं आणि मग पिशवी खालून ओढून काढायची. त्याला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस वेळेवर सापडेल तर शपथ. मग एक दिवस तिने फोमवाल्याच्या दुकानातून निळा फवाऱ्याचा डबा आणला. दुकानदार म्हणाला होता, "दोनदा फुस्स करा, कव्हर लोण्यासारखं सरकतं." खरंच सरकलं. एकटीने अर्ध्या तासात सीट तयार. डबा ती फोमच्या तुकड्यांखाली ठेवी. मी कशी उरकते हे कुणाला कळायला नको, एवढंच मनात.

त्या वेळी शेडमध्ये फिक्या हिरव्या रंगाची, गोल पाठीची एक गाडी होती. सासरे तिला "म्हातारी" म्हणत. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी ती घ्यायची ठरवली होती. महिनाअखेरीला मिळाली तर घेईन, नाहीतर दुसरीकडे बघितलेली आहे, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

रंगाच्या दिवशी रंगाऱ्याने फवाऱ्याची गन चालवली, पडद्याबाहेर येऊन बिडी शिलगावली, पुन्हा आत गेला आणि ओरडलाच. सगळे धावले. डिकीवर नि मागच्या डाव्या अंगाला ओल्या रंगात शेकडो गोल खळगे पडले होते. जागोजागी रंग मागे सरकून खालचा थर दिसत होता, जणू पत्र्याने डोळे उघडले होते.

"डोळे पडले!" रंगारी कपाळावर हात मारून म्हणाला. "दात पडले असते तर त्या डॉक्टरीणबाईंनी बसवून तरी घेतले असते! शेडात कुणीतरी चकाकीचं औषध वापरलंय. सिलिकॉन! त्याचा कण हवेत असला तरी रंग त्याच्यावर ठरत नाही. मी शंभरदा सांगितलंय, रंगाच्या आठवड्यात शेडात चकाकी बंद! कुणी वापरलं?"

धाकटीकडे पिवळी बाटली होती, टायर काळेभोर करायची. सगळ्यांना माहीत होती. सासऱ्यांनी एकदा धाकटीकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"सूनबाई, तुम्ही दिवसभर इथेच असता. काही पाहिलंत?"

थोरलीने पाहिलं होतं. आदल्या दिवशी धाकटी दुसऱ्या एका गाडीचे टायर पुसत होती. बाहेर. शेडपासून तीस पावलांवर, फाटकाच्या कडेला.

"काल टायर पुसत होती ती," थोरली म्हणाली.

बाहेर, हा एक शब्द तिने गिळला. केवढासा शब्द! पण त्या घासाने तिला ठसकाही लागला नाही.

"मी बाहेर पुसले, बाबा!" धाकटी कळवळून म्हणाली. "फाटकापाशी! ताई, तुम्ही पाहिलंत ना मला?"

थोरली खाली वाकून दोऱ्याचं रीळ शोधू लागली. रीळ समोरच होतं.

"आत काय नि बाहेर काय," रंगारी म्हणाला. "हाताला लागून आलं असेल."

सासरे ओरडणारे नव्हते. शांतपणे म्हणाले, "उद्यापासून धाकट्या सूनबाईंनी शेडमध्ये यायचं नाही."

धाकटीने पिवळी बाटली आणि कापडांची पिशवी उचलली आणि गेली. त्या दिवशी थोरलीला चहा कुणी आणून दिला नाही.

पुढचे आठ दिवस थोरलीच्या मनासारखे होते. सासरे तिच्या मशीनपाशी उभे राहून बोलत. शेडमध्ये हसणं नाही, गुणगुणणं नाही. रंगाऱ्याने खराब रंग घासून काढला, सगळा पत्रा औषधाने धुतला. थोरलीने तोवर मागची सीट उरकली. दोनदा फुस्स, कव्हर लोण्यासारखं. कामाला उरक होता, पण जेवण गोड लागत नव्हतं. धाकटी ताट वाढायची, तोंडातून शब्द काढायची नाही. मग नवऱ्याकडून कळलं की धाकटीने बसच्या आगारात गाड्या धुण्याचं काम धरलं, सोमवारपासून जाणार.

"जाऊ दे की," थोरली म्हणाली.

"जाऊ दे काय? सोन्यासारखा हात आहे पोरीचा."

पुन्हा तेच. थोरलीने भांडी जरा जोरातच आपटली.

शुक्रवारी रंगाऱ्याने दुसऱ्यांदा रंग मारला. आणि पुन्हा डोळे पडले. तिथेच, डिकीवर नि मागच्या डाव्या अंगाला.

रंगारी खाली बसला. "गनच्या कंप्रेसरात पाणी शिरलं असेल," म्हणाला, पण त्याचं त्यालाच पटेना. सासरे म्हणाले, "धाकटीचं औषध कुठे राहिलं असेल अजून भिंतीला." उद्या दुपारी शेवटचं मारून बघू, नाहीतर बाईंना नाही म्हणून कळवू, असं ठरलं.

थोरली मशीनवर बसून होती. आठ दिवस धाकटीने शेडचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हातारीची डिकी होती पडद्याच्या बाजूला, डावं अंगही. पडद्याच्या या बाजूला काय होतं? पडद्याला लागून थोरलीचं मशीन होतं.

सगळे चहाला गेले तेव्हा तिने फोमचे तुकडे बाजूला करून डबा काढला. बारीक इंग्रजी अक्षरं. शाळेत पाचवीपासून इंग्रजी होतं, पण ते धड्यापुरतं. ती बोट ठेवत वाचू लागली. एस. आय. एल... तिसऱ्या ओळीत तो शब्द होता. रंगाऱ्याने ओरडून सांगितलेला.

म्हणजे स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ तसंच ठेवून तिने दुसरीच्या डोळ्यात नसलेलं कुसळ दाखवलं होतं.

संध्याकाळी ती देवापुढे बसली. रोजचं म्हणायला तोंड उघडलं आणि तिथेच थांबली. माझ्या मनातलं काढून घे, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ते तर तिने शेडभर फवारलं होतं. आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंही येत होतं: गप्प बस. डबा लांब फेकून दे. उद्या रंग बसेल, म्हातारी जाईल, सोमवारी धाकटीही जाईल. कोणाला कळणार आहे? बावीस वर्षं या शेडात तूच होतीस. पुन्हा तूच असशील.

हे ऐकायला फार गोड होतं. ती तशीच बसून राहिली. उठली तेव्हा गुडघे भरून आले होते.

शनिवारी दुपारी रंगारी गन भरत होता. सासरे, नवरा कडेला उभे. थोरली स्वयंपाकघरात गेली आणि धाकटीचं मनगट धरून तिला ओढत शेडपाशी घेऊन आली.

"ताई, सोडा. मला आत यायचं नाहीये."

"आत नको येऊस. दारात उभी राहा."

मग तिने रंगाच्या रिकाम्या डब्याचं पत्र्याचं झाकण रंगाऱ्यापुढे धरलं. झाकण लख्ख घासलेलं होतं, आणि अर्ध्या बाजूवर तिने सकाळी शेडच्या बाहेर, फाटकापाशी जाऊन, एकदाच फुस्स केलं होतं.

"काका, आधी याच्यावर मारा."

"वहिनीबाई, हा काय खेळ?"

"मारा म्हणते ना!"

रंगाऱ्याने वैतागून गन दाबली. झाकण हिरवं झालं. अर्धं तुळतुळीत राहिलं. उरलेल्या अर्ध्यात एक डोळा उघडला, मग दुसरा, मग दहा-वीस.

थोरलीने पदराआडून निळा डबा काढून टेबलावर ठेवला. "हे माझं आहे. सीटा चढवायला वापरते. दोन्ही वेळेला मीच वापरलं." "आणि त्या दिवशी धाकटी बाहेरच होती. फाटकापाशी. मी पाहिलं होतं."

कंप्रेसर घुरघुरत होता. सासऱ्यांनी निळा डबा उचलून पाहिला. एवढंच म्हणाले, "सूनबाई, कामात चूक होते. पण पाहिलेलं न सांगणं ही चूक नव्हे." आणि बाहेर निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रंगारी म्हणाला, "पण पिशवी होती ना तुमची? चांगली बिनधोक पिशवी! हा डबा कशाला आणलात?"

याचं उत्तर थोरलीजवळ होतं, पण ते सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. दारात उभ्या धाकटीला मात्र ते कळलं असावं. तिने थोरलीकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि घरात गेली.

त्या दुपारी रंग मारलाच नाही. शेड फरशीपासून छताच्या पत्र्यापर्यंत धुतली. धुवायला थोरली सर्वांत पुढे होती. सासऱ्यांनी डॉक्टरीणबाईंकडून चार दिवस वाढवून घेतले. बाईंनी कुरकुरत दिले. मंगळवारी रंग बसला, काचेसारखा.

सोमवारी धाकटी आगारात गेली नाही. सासऱ्यांनी स्वतः जाऊन तिला शेडमध्ये बोलावून आणलं होतं. पण ती थोरलीशी बोलत नव्हती. चहा आणी, कप मशीनच्या कडेला ठेवी नि जाई. "ताई" म्हणत नव्हती. थोरलीला त्या दोन अक्षरांची इतकी सवय झाली आहे हे तिलाच माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या त्या दिवशी म्हातारी उन्हात उभी होती. बाई बॉनेटवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगंबाई, केवढं तेज! कुणी केलं?" धाकटी पुढे झाली. फोटो निघाला. थोरली मागे, हातात कात्री. आणि तिच्या पोटात दुखलं. तस्संच, जिथे दुखायचं तिथेच. एवढं रामायण होऊनही देवाने ते काढून घेतलेलं नव्हतं. बाई सीटवर बसल्या, पाठ टेकली, गाडी सुरू केली आणि गेल्या. सीटबद्दल अक्षर नाही.

थोरली आत आली. पुढच्या गाडीची सीट मांडलेली होती. तिने देवाचं नाव घेतलं, फोमला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली आणि एकटीच कव्हर ओढू लागली. एक बाजू चढली की दुसरी निसटे. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा समोरून दोन हात आले आणि त्यांनी फोम दाबून धरला.

"ओढा," धाकटी म्हणाली. अजून ताई नाहीच. "आणि टाका उसवलात तर नाव माझं सांगू नका."

थोरलीला हसू आलं की रडू, ते तिलाही कळलं नाही. तिने कव्हर ओढलं.