कालगुर्लीची काकू

चारुताची उंची पाच फूट अकरा इंच. पुण्यात लग्न जमवताना ही उंची आड आली, पण इंजिनिअरिंग कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये तिच्याच जोरावर सेंटरची, म्हणजे बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूची जागा मिळाली. पुढे ती ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत नोकरीला लागली. खाणीच्या कडा ढासळणार तर नाहीत ना, यावर नजर ठेवणं हे तिचं काम. आठ दिवस ड्युटी, सहा दिवस सुट्टी. सुट्टीत रविवार आला की सकाळी चहाचा मग घेऊन ती श्रीनाथला फोन लावायची.

श्रीनाथ तिच्याच कॉलेजचा, मुलांच्या टीमचा राखीव खेळाडू. आता तोही ऑस्ट्रेलियातच, पण पार दुसऱ्या टोकाला, वॉलॉंगॉंगला सॉफ्टवेअरमध्ये होता. अकरा वर्षं दोघांचा एकच वाद चालला होता: अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये गाजणाऱ्या धिप्पाड सेंटरपैकी पुढे व्यावसायिक लीगमध्ये कोण टिकणार आणि कोण बाकावर बसणार.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये कोविडमुळे कॉलेजची मोठी स्पर्धाच रद्द झाली. महिन्याभरात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची सीमा बंद झाली, पुण्याची विमानं थांबली. चारुताला आईचा चेहरा फक्त फोनवर दिसू लागला. जुन्या मॅचेसची रेकॉर्डिंग्ज काढून दोघं बघत बसायची.

"हॉलिस," श्रीनाथ म्हणायचा. "सात फूट एक. काय उडतो! ब्लॉक बघ त्याचे."

"उडू दे. कमरेत वाकतो का? लीगमध्ये छोटे चपळ गडी त्याला बास्केटपासून लांब ओढत नेतील आणि बाजूने निघून जातील. डॅनफर्थ घे तू."

"तो जाड्या? अगं, त्याच्याने जमिनीवरून चार इंच उडवत नाही!"

"पाय बघ ना त्याचे. आणि फ्री थ्रो टाकताना मनगट बघ. हा दोन वर्षांत लांबूनही टाकेल."

"तू हॉलिसवर एवढी का खार खातेस?" त्याने एकदा विचारलं.

तेव्हा चारुताने कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली. विसाव्या वर्षी ती राज्याच्या संघाच्या निवड शिबिराला गेली होती. एक बुटकी पोरगी सलग सात वेळा तिला चकवून गेली. आठव्या वेळी वळताना चारुता स्वतःच्याच पायात पाय अडकून पडली. निवड समितीतला एक जण हसत म्हणाला, "हिला खांबाच्या जागी उभी करा, खांबाचा खर्च वाचेल." घरी तिने गुडघा दुखावल्याचं सांगितलं. आईला आजही तेच खरं वाटतं.

"सोड ना," श्रीनाथ हळूच म्हणाला होता. तिला खूप हलकं वाटलं.

नोव्हेंबरमध्ये लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा हॉलिसला पहिल्या दहांत उचललं. डॅनफर्थचं नाव शेवटी शेवटी लागलं. श्रीनाथने तिला आठवडाभर छळलं. पण मे उजाडेपर्यंत हॉलिस बाकावर होता आणि डॅनफर्थ रोज खेळत होता. श्रीनाथ कधी म्हणतोय, 'हरलो बाई,' याची ती वाट बघत राहिली. तो म्हणाला, "हं. बघू."

जूनच्या लाँग वीकेंडला ती मैत्रिणीबरोबर गाडीने पर्थला निघाली. मयूरा हॉस्पिटलात डॉक्टर. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. कूलगार्डी गाव मागे पडल्यावर मयूराने फोनवर काहीतरी लावलं.

"हे ऐक. मराठी पॉडकास्ट आहे, इथल्याच कुणाचा तरी. खेळाचं मला कळत नाही, पण यातली काकू म्हणजे धमाल!"

आवाज श्रीनाथचा होता. कालगुर्लीत म्हणे त्याची एक काकू राहते. चिरका आवाज काढून तो म्हणत होता, "अरे, हॉलिस बघ ना, किती उंच उडतो!" आणि मग स्वतःच्या भारदस्त आवाजात, "मी तेव्हाच सांगितलं होतं, काकू, कमरेत वाकत नाही तो टिकत नाही. डॅनफर्थचं मनगट बघा."

पुढच्या भागात काकूच्या तरुणपणीचं शिबिर आलं. सात वेळा. खांब. दुखावलेला गुडघा. मयूरा स्टिअरिंगवर हात आपटून हसली. चारुता खिडकीबाहेरची लाल माती बघत राहिली. गाडीतून उतरून जावं असं गाव पुढे शंभर किलोमीटरवर होतं.

सदर्न क्रॉस गाव आल्यावर ती म्हणाली, "ती काकू मी आहे."

मयूराने पॉडकास्ट बंद केला.

पर्थला पोचल्यावर तिने फोन लावला.

"नाव कुठे घेतलं मी तुझं?" श्रीनाथ म्हणाला. "सगळेच एखादं कॅरॅक्टर ठेवतात."

"मग माझं मत तुझ्या तोंडी आणि तुझं माझ्या तोंडी का?"

"लोकांना हुशार कोण, बावळट कोण ते ठरलेलं लागतं गं."

"आणि शिबिर?"

"चारू, तो आमचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला एपिसोड आहे."

हे त्याने तिची समजूत काढण्यासाठी सांगितलं होतं. तिने फोन ठेवला.

त्या भागाखाली तिने स्वतःच्या पूर्ण नावानिशी लिहिलं: डॅनफर्थ टिकेल हे मी म्हणाले होते, याने नाही. तासाभरात खाली उत्तरं आली. 'काकू आली रे!' 'काकू, गुडघा कसा आहे?' हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तिने आपलं लिहिलेलं पुसून टाकलं.

पुढच्या मार्चमध्ये सीमा उघडली. श्रीनाथचा मेसेज आला: पर्थला कामासाठी येतोय, रागावली नसशील तर भेटू. तिने उत्तर दिलं नाही. पॉडकास्टमध्ये काकू अजून होती, असं मयूराकडून कळलं.

मयूराला वाईट वाटत होतं. एका रविवारी ती धिरडी घेऊन आली आणि मुद्दाम मॅचसमोर बसली. अमेरिकेतल्या कुठल्याशा दोन कॉलेजांचे दोन सेंटर एकमेकांना रेटत होते.

"यातला कोण पुढे जाईल गं?" तिने मनापासून विचारलं.

चारुताला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. डावीकडचा. पडल्यावर उठून तो सर्वांत आधी मागे धावत होता.

"मला काय माहीत," ती म्हणाली आणि धिरड्याचा तुकडा मोडला.