सर्दी एक, प्रकार एकशेसाठ

आमच्या बर्फाच्या डब्यात नमुने कमी अन् किस्से जास्त साठतात. काम काय, तर सर्दी झालेल्याच्या नाकात काडी फिरवायची अन् ती लॅबला पाठवायची, म्हणजे गावात कोणकोणत्या प्रकारची सर्दी हिंडते ते कळतं. वर्षभर सानगडीच्या आसपासची गावं फिरतेय. माझं डोकं फिरायचं तेवढं बाकी आहे!

*

नमुना सर्दीच्या पहिल्या तीन दिवसांतच हवा, हे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. लोक येतात दहाव्या दिवशी, नाक साफ करून! एक काका तर ठणठणीत असताना येऊन नाक वर करून बसले.

"काका, सर्दी कुठाय?"

"आता नाही जी. पुढच्या हप्त्यात लागन, पण तवा मी तुमसरले पोरीकडे राहीन. आजच घेऊन ठेवा ना!"

*

आमचा ड्रायव्हर प्रकाश. माणूस भला, पण डोकं घरी ठेवून येतो. एकदा लॅबमधून फोन आला, "मॅडम, डब्याला मासळीचा वास येतोय!" प्रकाशला धरलं. तलावावर ताजे झिंगे मिळाले म्हणून यानं ते नमुन्यांशेजारी ठेवले होते.

"अरे, सगळे नमुने फेकावे लागले ना!"

"पण मॅडम, झिंगे एकदम फ्रेश राहिले!"

*

सर्दीच्या या विषाणूंचे ए, बी, सी असे तीन गट, अन् प्रत्येकात नंबर. एका रिटायर्ड हेडमास्तरांचा रिपोर्ट सी गटाचा निघाला. गुरुजींनी चष्मा पुसून तीनदा वाचला.

"सी? मॅडम, उभ्या आयुष्यात मला कधी सी मिळाला नाही. पुन्हा तपासा!"

त्यांच्याच शाळेतल्या शिपायाला ए मिळालाय, हे मी मरेपर्यंत सांगणार नाही.

*

मग समाजमंदिरात मीटिंग घेतली. पुढेच अनुसयाआजी, मांडीवर तीन वर्षांची नात परी. या पोरीला सर्दी झाली की छाती वाजायला लागते, श्वास पुरत नाही, अन् वाफ द्यायला साकोलीच्या दवाखान्यात पळावं लागतं. आजीनं विचारलं, "गोवर एकदा आला का सुटलो. मंग सर्दी काहून घडी घडी?"

वर्षातला पहिला शहाणा प्रश्न! मी खूश होऊन सांगितलं, "आजी, सर्दीच्या या एकाच विषाणूचे एकशेसाठच्या आसपास प्रकार आहेत. एक होऊन गेला की अंग त्याला ओळखतं. बाकीच्यांना नाही."

"बाप्पा! आमच्या धानाचे बी इतके वाण नाहीत!" सरपंच मागून म्हणाले. "मंग लस काढा ना."

"एकशेसाठ सुया टोचून घेता का?"

पाच मिनिटांत समाजमंदिर रिकामं! आजी तेवढी बोटं मोजत बसली होती.

*

परवा सकाळी आजीचा फोन. "बाई, परीले आजच सर्दी लागली. लवकर या." पहिल्याच दिवशी! अख्ख्या तालुक्यात ही एकटी!

गेले. परीची छाती अजून वाजत नव्हती, आजी तिच्या पाठीला कान लावून बसली होती. भिंतीवर कोळशाच्या तेवीस रेघा.

"हे काय, आजी?"

"हिच्या सर्द्या. मागच्या आठवून आठवून काढल्या. तुम्हीच सांगतलं ना, एकशेसाठ? वरसाच्या आठ होतात. म्हणजे विसाव्या वरसी पोट्टी मोकळी. तवरोक मी कायची राहतो! म्हणून भितीवर मांडून ठेवतो."

मी काडीचं पाकीट फोडलं. रिपोर्टला तीन महिने लागतात. परीच्या नाकात काडी फिरवली, ती रडली. आजीनं तिला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात कोळसा घेतला अन् थांबली.

"बाई, ही नवी हाय का जुनीच, तेवढं आता सांगून जा जी. जुनी असन तं मी रेघ मारत नाही."