केळीच्या ऑफिसातलं इंग्रजी

दिपाली गजभारे रोज सकाळी नांदेडहून बसने अर्धापूरला जातात. तिथे व्यंकटरावांचं केळीचं पॅकहाऊस आहे. बाया हौदात केळीच्या फण्या धुतात, पुसतात, खोक्यांत भरतात, आणि माल कंटेनरमधून दुबईला जातो. दिपालीताई तिथल्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळतात. त्या इंग्रजीत एम.ए. आहेत, व्यंकटराव दहावी पास. पण दुबईच्या व्यापाऱ्याशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचे ते व्यंकटरावच. ‘सर, बनाना फर्स्ट क्लास. टुमारो लोडिंग. यू नो टेन्शन.’ एवढ्या भांडवलावर गड्याने सहा वर्षं धंदा केला. पलीकडचा अरबही त्याच तोलाचा. व्याकरण दोघांनीही खुंटीला टांगलेलं, त्यामुळे झकास जमलं होतं.

ताईंचं तसं नव्हतं. त्यांचे वडील आनंदराज सरकारी कचेरीत कारकून होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या इंग्रजी पत्रात एक चूक निघाली. साहेबांनी ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “कोट्यातून घेतलं की असंच होणार.” तशाच चुका शेजारच्या टेबलांवरही होत होत्या, त्या कुणी वाचून दाखवल्या नाहीत. आनंदराजांनी दुसऱ्याच दिवशी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणलं, पाठ केलं आणि पुढे मुलीकडूनही पाठ करून घेतलं. “दीपा, आपल्या लिव्हण्यावर बोट ठेवाया जागा ऱ्हाऊ द्यायची न्हाई,” म्हणायचे. पोरगी खेळायच्या वयात क्रियापदांचे काळ घोकत बसायची. तिला त्याचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

गेल्या डिसेंबरात व्यंकटरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. जाताना त्यांनी आपला फोन ताईंच्या हातात ठेवला.

“ताई, म्या दोन-तीन दिवस आंधळा हाय. दुबईवाल्याला तुमीच लिव्हा. त्याचा होकार आल्याबिगर कंटेनर हलवू नका.”

ताईंना मनातून आनंद झाला. त्यांनी आदराच्या संबोधनापासून शेवटच्या ‘आपला विश्वासू’पर्यंत रेखीव इंग्रजी पत्र लिहिलं, खाली व्यंकटरावांचं नाव घातलं आणि पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, आणखी अदबीने. तिकडून दोनच शब्द आले : ‘हू यू?’ फोन लावला, तर बाईचा आवाज ऐकून त्याने तो कापलाच. त्याचं तरी काय चुकलं? सहा वर्षांचा दोस्त एकाएकी शुद्ध इंग्रजी लिहू लागला म्हणजे त्याचा फोन चोरीला गेला, असंच कुणालाही वाटेल. इकडे माल भरून तयार, आणि केळी काही कुणासाठी पिकायची थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी दातओठ खात टाइप केलं : ‘सर, बनाना रेडी. यू गिव्ह ओके. नो टेन्शन.’ मिनिटभरात उत्तर आलं : ‘ओके ब्रदर.’

कंटेनर गेला. व्यंकटराव काळा चष्मा लावून परतले आणि सगळं ऐकून हसून हसून बेजार झाले. ताईही हसल्या. घरी वडिलांना मात्र त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात पॅकहाऊस बघायला एक अधिकारी आले. व्यंकटरावांनी हौसेने फोन त्यांच्यापुढे धरला. साहेब व्यंकटरावांचे जुने मेसेज वाचून खूश. “वा! याला म्हणतात धंद्याचं इंग्रजी.”

“आन् ह्यो बघा, आमच्या गजभारेताईंनी लिव्हलाय. एम.ए. हायत.”

साहेबांनी मेसेज वाचला, आडनाव पुन्हा विचारलं, आणि चष्म्यावरून ताईंकडे पाहिलं. “एम.ए.? असं होय. हल्ली पदव्या काय, कुणालाही मिळतात.”

“न्हाई साहेब, त्यांनी मुद्दाम माझ्यावानी लिव्हलं,” व्यंकटराव घाईने म्हणाले.

“असेल, असेल,” म्हणत साहेब हौदाकडे वळले.

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच फोनमधली, एकाच तऱ्हेची वाक्यं. व्यंकटरावांची ती हुशारी ठरली आणि ताईंची लायकी. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली तशा त्या उठून व्यंकटरावांपुढे उभ्या राहिल्या.

“यापुढं तुमच्या नावानं तुम्हीच लिहा. मी लिहीन ते माझ्या नावानं जाईल आणि माझ्यासारखंच जाईल. चालत नसंल तर आत्ताच सांगा, मी उद्यापासून येत नाही.”

गिऱ्हाईक तुटायची धास्ती व्यंकटरावांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. “लिव्हा,” अखेर ते म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे केला.

ताईंनी दुबईला लिहिलं, एकही स्वल्पविराम न गाळता. माझं नाव दिपाली गजभारे. त्या दिवशी व्यंकटरावांच्या नावाने मीच लिहिलं होतं, त्याबद्दल क्षमस्व. यापुढे माझ्या नावाने लिहीन. उत्तराला तासभर लागला. तेवढ्या वेळात व्यंकटराव तीन चहा प्याले.

‘ओके मॅडम. युवर इंग्लिश टू हार्ड. आय आस्क माय सन. बट ओके.’

पुढचा कंटेनर ताईंच्या नावाच्या मेसेजवर गेला.