आधी कंबर, मग खांदा

खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवायची, समोरच्याला म्हणायचं, “श्वास घ्या,” आणि तो घेत असताना स्वतःचा मात्र रोखून धरायचा, ही सिस्टरांची रीत. बोटं अडकली तर पट्टा घट्ट, मोकळी फिरली तर ढिला. दोन्हीच्या मधलं जमलं की त्या मान हलवून पुढच्या माणसाकडे वळत. डोंगरावर जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. निघण्याआधी ती हसत-खिदळत फोटो काढतात. आमच्या मंडळींचा फोटो मात्र सिस्टरांची तपासणी झाल्यावरच निघायचा, त्यामुळे त्यात आम्ही सगळे पोलीस भरतीला आल्यासारखे ताठ उभे दिसतो.

सिस्टर म्हणजे सरकारी नर्स. निवृत्त झाल्यावर त्या नगरला आमच्या गल्लीत, टोकाच्या घरात राहायला आल्या. मी शिंपी. तीस वर्षं मशीनवर वाकून पाठ धरली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. गल्लीतल्या पाच-सहा जणांनी महिन्यातून एक दिवस डोंगरावर जायचं ठरवलं होतं, त्यांच्यात मी घुसलो. दिवस शनिवार. बाकी सगळ्यांना रविवार सोयीचा होता, पण रविवारी सिस्टरांचं चर्च असे आणि त्यांच्याशिवाय निघायची कोणाची छाती नव्हती. शनिवारी दुकान बंद ठेवतो म्हणून माझी बायको अजून मला आणि सिस्टरांना सारखंच बोलते.

पहिल्या दिवशी मी पुतण्याची सॅक घेऊन गेलो. कंबरेचा पट्टा छान बेंबीवर आवळला होता. सिस्टरांनी तो पाहिला, मग मला पाहिलं.

“मास्तर, तुमी शिंपी ना?”

मी हो म्हणालो.

“ही पँटीची कंबर झाली. वझ्याची कंबर खाली असती.” मग त्यांनी विचारलं, “घरात लेकरं झाली का न्हाई? कुठं घेऊन फिरायचात त्यांना?”

कडेवर, मी म्हणालो.

“मग ही बी तिथंच घ्या.”

आणि त्यांनी माझा पट्टा खाली ओढून कंबरेच्या दोन्ही हाडांवर बसवला, आवळला, आणि मग खांद्याचे पट्टे सैल केले. इतका वेळ मानगुटीवर बसलेलं ओझं एकदम खाली उतरलं. जन्मभर लोकांच्या कंबरा मोजून खाणाऱ्या माणसाला कंबर कुठे असते हे त्या दिवशी कळलं. “आधी कंबर, मग खांदा,” असं बजावून त्या पुढे गेल्या. हे वाक्य त्या इतक्यांदा म्हणत की आमच्यातला एक जण त्यांच्या पाठीमागे ते आधीच पुटपुटायचा.

आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी पुण्याहून भारी सॅक आणली, रंगाने केशरी, उंचीने जवळजवळ त्यांच्याएवढी. आपण सहा फूट म्हणून सॅकही मोठी, असा त्यांचा हिशेब. सिस्टरांनी मला दुकानातून टेप आणायला लावली. प्राध्यापकांना मान वाकवायला लावून मानेच्या खालचं टोचरं हाड बोटाने शोधलं आणि तिथपासून कंबरेच्या हाडापर्यंत माप घेतलं. प्राध्यापक निघाले पायांनी उंच, पाठ माझ्यापेक्षाही आखूड. “पिशवी पाठीला घ्यायची असती, टाळक्याला न्हाई,” असं सांगून त्यांनी ती सॅक परत करायला लावली. टेप त्या दिवसापासून माझ्या खिशातच राहू लागली.

त्या दिवसापुरती मात्र तीच न्यायची होती, म्हणून सिस्टरांनी ती रिकामी करायला लावली. तळाशी पाण्याच्या चार बाटल्या, वर अंथरूण, त्याच्यावर घराचं मोठं पितळी कुलूप. मग घराला काय लावलं, असं आम्ही विचारलं, तर जिन्याचं कुलूप लावून आलोय म्हणाले. सिस्टर हसल्या नाहीत. अंथरूण तळाला, पाणी पाठीला टेकून, भाकरी वर, असं त्यांनी शांतपणे सगळं लावून दाखवलं आणि कुलूप प्राध्यापकांच्या हातात दिलं. ते त्यांनी दिवसभर हातातच वागवलं.

सिस्टरांचा कान तर फार तिखट. चालता चालता मागे न बघता म्हणायच्या, “कुणाची तरी पिशवी कुरकुरती, थांबा.” आणि खरंच कोणाचा तरी पट्टा सैल झालेला असायचा. त्या रागावायच्या, वेळ घालवायच्या, उशीर करायच्या. पण त्यांच्या हातून निघालेल्या माणसाचा खांदा संध्याकाळी कधी दुखला नाही. मला त्या फार आवडायच्या, हे लिहून टाकतो. तोंडावर कधी म्हणालो नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं ते हळूहळू कळलं. त्या मूळच्या शेवगावकडच्या, सपाट मुलखातल्या. नोकरी मात्र बरीचशी अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्यांवर झाली. लसीचा तो निळा डबा, आत बर्फ, खांद्याला एकच पट्टा, आणि वाडी गाठेपर्यंत दोन-दोन तास पायवाट. डबा खाली ठेवून रमायची सोय नाही, बर्फ वितळला की लस वाया. बावीस वर्षं त्यांनी तो डबा उजव्या खांद्यावर नेला. तेव्हा कोणी शिकवलं असतं ओझं कसं घ्यावं, तर, असं म्हणून त्या थांबत आणि दुसऱ्याच्या पट्ट्याला हात घालत.

एवढी वर्षं कळसूबाईच्या सावलीत काढून त्या वर मात्र कधी गेल्या नव्हत्या. सुट्टीच्या दिवशी कोण डोंगर चढतं, त्या म्हणत.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. माणसाचे दोन खांदे क्वचितच सारखे असतात. कोणाचा उतरलेला, कोणाचा पुढे आलेला. शिंप्याला हे माणूस दुकानाची पायरी चढतानाच दिसतं. पण ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. वहीत नावापुढे एक बारीक खूण करायची, उतरलेल्या बाजूला पॅड जरा जाड घालायचं आणि कोट अंगावर चढवून म्हणायचं, वा, काय बसलाय. माझ्या वडिलांनी मला कात्री हातात द्यायच्या आधी हे शिकवलं होतं.

सिस्टरांचा उजवा खांदा चांगला दोन बोटं उतरलेला होता. मला तो पहिल्या दिवशीच दिसला. त्यांना स्वतःला तो माहीत नसावा, कारण स्वतःच्या सॅकचे दोन्ही पट्टे त्या अगदी सारखे ठेवत. सगळ्यांची सॅक बसवणाऱ्या या बाईची स्वतःची सॅक कधी नीट बसली नाही. उजवा पट्टा घसरायचा, सगळा भार डाव्यावर यायचा, आणि वाटेत त्या डावा खांदा दाबत राहायच्या. मी धंद्याच्या रीतीने वागलो. चेन दुरुस्त करून देतो म्हणून सॅक दुकानात आणली, उजव्या पट्ट्याखाली जाड पॅड शिवलं आणि पट्टा दोन बोटं आखूड केला. पुढच्या शनिवारी सिस्टरांनी माझीच टेप मागून दोन्ही पट्टे मोजले, “मास्तर, चेनच्या नादात पट्टा खाल्ला की तुमी,” म्हणाल्या, आणि बक्कल सोडून परत सारखा केला. पॅडही उसवून माझ्या हातात ठेवलं.

यंदा त्या राहात्याला मुलीकडे राहायला गेल्या, कायमच्या. गुडघे थकलेत. टोकाच्या घराला आता दुसरंच कुलूप असतं आणि आमचा फोटो लवकर निघतो. त्यांची शेवटची चढाई म्हणजे गेल्या हिवाळ्यातली कळसूबाई. ती त्यांनीच ठरवली, आणि जाहीर करून ठरवली. गुडघ्यांचं कारण काढून प्राध्यापक म्हणाले, तुमची सॅक आम्ही वाटून घेऊ. त्यावर त्यांनी सगळ्यांना सुनावलं की वझं नीट बसलं तर म्हातारं माणूसही चढतं, असं मी तुम्हाला दोन वर्षं सांगतेय. मीच रिकाम्या पाठीने वर गेले तर सगळं खोटं ठरेल. सॅक पाठीवर नसेल तर वर जायचं नाही, इतकं ते साधं होतं.

पायथ्याच्या बारी गावातून आम्ही सकाळी निघालो. पहिल्या लोखंडी शिडीपर्यंत त्या गप्पा मारत होत्या. दुसऱ्या शिडीच्या खाली डावा खांदा दाबू लागल्या. शिडीचा बार धरून अंग वर ओढलं की उजवीकडचा पट्टा कोपरापर्यंत घसरायचा आणि सॅक त्यांना डावीकडे ओढायची. अर्ध्या शिडीवरून त्या खाली आल्या आणि दगडावर बसल्या. तोंड पांढरं पडलं होतं. प्राध्यापकांनी सॅक घ्यायला हात पुढे केला. सिस्टरांनी सॅक मांडीवर ओढून घेतली.

“तुमी जा वर. मी इथं बसते,” त्या म्हणाल्या.

वडिलांची आठवण झाली, पण मी बोललो. “सिस्टर, तुमचा उजवा खांदा उतरलेला आहे. मला पहिल्या दिवसापासून दिसतो.”

त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला, मग उजव्या हाताने डावा. असं दोनदा केलं.

“आन् दोन वर्षं गप बसलात?”

आमच्या धंद्यात सांगत नाहीत, मी म्हणालो.

“आमच्या धंद्यात सांगत्यात, मास्तर. न्हाई सांगितलं तर माणूस जातं.”

मग त्याच उठल्या, सॅक पाठीवर घेतली, कंबरेचा पट्टा हाडांवर बसवून आवळला आणि माझ्यापुढे पाठ करून उभ्या राहिल्या. खांदा तुम्ही बघा म्हणाल्या. मी माझी कानटोपी घडी करून उजव्या पट्ट्याखाली घातली, पट्टा दोन बोटं आखूड केला, मग आणखी थोडा. पट्ट्याखाली बोटं सरकवली आणि श्वास घ्या म्हणायला विसरलो. त्यांनी तो स्वतःच घेतला. मग शिडीकडे वळल्या आणि चढायला लागल्या. पट्टा घसरला नाही.

वर पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वारा असा होता की देवळाच्या भिंतीला टेकून उभं राहावं लागत होतं. प्राध्यापकांनी हात जोडले, मी नारळ फोडला. सिस्टर कड्याकडे जाऊन उभ्या राहिल्या. खाली भंडारदऱ्याचं पाणी, भाताची कापून मोकळी झालेली खाचरं, आणि त्यांच्यामधून गेलेल्या पायवाटा. बोट दाखवून त्या मला वाड्या सांगू लागल्या. त्या तिथं दोन जुळी होती, त्या टेकाडाच्या मागं एक म्हातारी लस टोचू देत नव्हती, ती अख्खी वाट मी पावसात चाललेय. सांगता सांगता थांबल्या.

“केवढंसं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, लई लांब हाय.”

डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने आलं असं त्यांनी सांगितलं. मी मानलं. वारा होताच. मग मला आठवलं, इतका वेळ त्यांनी सॅक खाली ठेवली नव्हती. मी म्हणालो, काढा आता, हलकं व्हा, जेवायला बसू.

“ऱ्हाऊ द्या,” सिस्टर म्हणाल्या. “आज कुठं नीट बसलीया.”