पाळण्यातलं नाव

आई मंगळवारी सकाळी गेली. दुपारी गल्लीतल्या बायका बसायला आल्या. संध्याकाळपर्यंत मला कळलं की माझ्या मुलाचं नाव गल्लीच्या लेखी दुसरंच होतं.

नाव मी शोधलं होतं. तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. बायको बाळंतपणाला माहेरी कबनूरला गेलेली, आणि मी रोज दुपारी एक जुना शब्दकोश उघडून बसायचो. जोडाक्षरानं सुरू होणारं ते नाव अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्या कुणाचं नसेल, याचाच मला जास्त आनंद होता. इथे ते लिहीत नाही. मुलगा आता मोठा आहे, नाव त्याचं आहे.

तेव्हा आम्ही दुसरीकडे भाड्यानं राहायचो, या गल्लीत नंतर आलो. बारशाच्या आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ह्यांचं नाव ठीव की रं पाळण्यात तरी. शाळंत तुझं तू काय घालायचं ते घाल." वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी म्हणालो, एका मुलाला एकच नाव असावं. ती हरभरे निवडत राहिली.

बारशाला बहिणीनं चुकू नये म्हणून नाव तळहातावर पेनानं लिहून आणलं होतं. तिनं बाळाच्या कानात ते सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग आई पाळण्यावर वाकली आणि तिनं मोठ्यानं ते नाव घेतलं. जोडाक्षर सुटलं, दोन तुकडे झाले. कॉलेजातले माझे एक वरिष्ठ समोरच बसले होते, ते हसले. मी आईजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "येत नसेल तर म्हणू नकोस."

"बरं," म्हणाली, आणि घुगऱ्या वाटायला गेली.

त्यानंतर तिनं ते नाव कधी घेतलं नाही. 'पोरा' म्हणायची. पोराला ऊन लागंल, पोरा दूध पी. मला वाटायचं, लाडानं म्हणते. असं वाटून घेणं सोयीचंही होतं.

पुढे टीव्हीवरच्या एका मालिकेत नायकाचं तेच नाव निघालं, आणि दोन-तीन वर्षांत ते घरोघरी झालं. मुलगा पहिलीत गेला तेव्हा वर्गात त्या नावाचे तिघे होते. बाईंनी हजेरी घेतली ती थेट आईसारखी, जोडाक्षर सोडवून. मी दारातच उभा होतो. मुख्याध्यापकही तसंच म्हणाले. मी मान डोलावली. कुणालाच मी कधी दुरुस्त केलं नाही. माझी हिंमत फक्त आईपुढे चालली.

त्या मंगळवारी मुलगा शाळेतून आला तेव्हा शेजारच्या काकींनी त्याला पोटाशी धरलं आणि माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारून म्हणाल्या, "गेली रं तुझी आजी."

मी म्हणालो, "काकी, त्याचं नाव ते नाही."

"न्हाय कसं? तुम्ही हाक मारता ते शाळंतलं. तुझ्या आईनंच सांगितलंय की. आम्ही चिडवायचो तिला, एवढा गोड नातू, नावानं हाक मारायला तोंड दुखतंय व्हय गं? तर म्हणायची, मालकांचं नाव हाय पाळण्यातलं, मी कशी घेऊ? लाजायची बी. लेकानं बापाचा मान राखला म्हणायची, चारचौघींत."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला त्याचं नाव चांगलं ठाऊक होतं.

"व्हय," मी म्हणालो. "पाळण्यातलं हाय."

कॉलेजात लागल्यापासून मी तसं बोलत नव्हतो.

रात्री त्यानं विचारलं, "मग आजीनं मला कधी सांगितलं का नाही?" मी म्हणालो, नवऱ्याचं नाव घेत नसतात म्हणून. त्याला पटलं. त्यानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. सोपं होतं. खरं काय ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पुढे काकीही वारल्या. आता गल्लीत दोन म्हाताऱ्या उरल्यात. सुट्टीत तो घरी आला की त्या त्याला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारतात, आणि तो ओ देतो.